एक खोखा कमी

गेल्या डिसेंबरात आमच्या तुकडीचे फायरिंग झाले. पॉइंट टू-टू रायफल, 40 कॅडेट, प्रत्येकी 5 राउंड. फायरिंग संपल्यावर प्रत्येकाने उस्तादांसमोर सावधानमध्ये उभे राहून एक वाक्य म्हणायचे असते, ‘उस्ताद, मेरे पास कोई राउंड या खोखा नहीं है।’ पालकांसाठी सांगतो, खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर मागे राहणारी पितळेची रिकामी नळी. मीही ते वाक्य मोठ्या आवाजात म्हटले. त्या वेळी माझ्या डाव्या मोज्यात एक खोखा होता. धाकट्या बहिणीने मागितला होता.

मग मोजणी झाली. 199. पुन्हा मोजणी झाली. पुन्हा 199. सगळी तुकडी फायरिंग पॉइंटच्या आसपास वाकून गवत चाचपू लागली. मीही चाचपत होतो, म्हणजे तसे दाखवत होतो. पाऊण तास गेला, मेसची वेळ टळली. शेजारचा मित्र पुटपुटला, ‘ज्याच्याकडे असेल त्याने गपचूप गवतात टाकावा ना.’ मला ते जमले असते. पण का कोण जाणे, मी सरळ उस्तादांसमोर गेलो आणि मोजा खाली केला. शिक्षा काय झाली ते इथे लिहीत नाही. ती योग्य होती. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, रजिस्टरवर 200 चा आकडा लिहून सही करताना उस्ताद एवढेच म्हणाले, ‘बेटा, झूठ तूने बोला। गिनती ने नहीं बोला।’

हे सगळे आठवायचे कारण वेगळेच आहे. या सत्रात आंतर-हाऊस वादविवाद स्पर्धेत विषय होता, ‘लष्करासाठी जनुक बदललेल्या जंतूंवर होणाऱ्या संशोधनात सरकारने ढवळाढवळ करू नये.’ मी विरोधी बाजूने बोललो. तीन मिनिटांत बेल वाजली आणि निम्मे राहून गेले. आमचा हाऊस हरला. राहिलेले निम्मे या पानावर मांडतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. जनुक बदललेला जंतू म्हटले की आपल्याला लगेच सिनेमातला खलनायक दिसतो. माझी आजी रोज इन्सुलिन घेते. ते इन्सुलिन अशाच जंतूंकडून करून घेतलेले असते. मानवी इन्सुलिन बनवण्याची सूचना त्यांच्या जनुकात घातलेली असते, आणि 1982 पासून हे औषध बाजारात आहे. लष्कराने जंतूंवर काम करणेही काही नवे नाही. सुट्टीत घरी जाताना आपण रेल्वेचे जे बायो-टॉयलेट वापरतो, त्याच्या टाकीतले जंतू डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी तयार केले. थंडीत मैला कुजत नाही, म्हणून थंडीतही काम करणारे जंतू निवडून वाढवले. (त्यांची जनुके बदललेली नाहीत, हे नीट लक्षात घ्यावे.) पुढे ते रेल्वेत आले, लोक तक्रारी करू लागले आणि महालेखापरीक्षकांनी 2017 च्या अहवालात त्या तक्रारी चक्क मोजून छापल्या. लष्करी संशोधनातला जंतू नागरिकांच्या डब्यात आला, तेव्हा त्याचीही तपासणी झालीच.

म्हणजे संशोधन व्हावे की नाही, हा माझा प्रश्न नाही. व्हायलाच हवे. शत्रूने अँथ्रॅक्स फेकला तर आपल्या जवानाकडे लस हवी आणि लस करायची तर आधी तो जंतू हाताळावा लागतो. प्रश्न मोजणीचा आहे. खोखे मोजता येतात. जंतू कसे मोजणार? संध्याकाळी बाटलीत एक ठेवला तर सकाळी कोट्यवधी झालेले असतात. एक चोरीला गेला तरी बाटलीत काहीच कमी दिसत नाही. म्हणून जंतूंच्या बाबतीत मोजणी वेगळ्या गोष्टींची करावी लागते. कोणता प्रयोग, कोणी, कशासाठी, कोणाच्या परवानगीने आणि चूक झाली तर ती कोणाला कळवली.

जगाने या कामासाठी एक करार केला आहे. जैविक शस्त्रबंदी करार 1972 मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि 1975 मध्ये अमलात आला. भारताने तो 1974 मध्येच मान्य केला होता. जंतूंची शस्त्रे बनवायची नाहीत, साठवायची नाहीत. संरक्षण आणि शांततेसाठी मात्र संशोधन चालेल, असे त्यात आहे. अणू आणि रासायनिक शस्त्रांसाठी जसे तपासनीस देशोदेशी जातात, तसे या करारात कोणीच जात नाही. तपासणीची व्यवस्था उभी करण्याची बोलणी 2001 मध्ये अमेरिकेने नकार दिल्यावर फिसकटली. तेव्हापासून प्रत्येक देशाने फक्त सांगायचे, ‘आमच्याकडे असे काही नाही.’ मला ते ऐकताना माझे स्वतःचे वाक्य आठवते. मीही ते खणखणीत आवाजात म्हटले होते.

सोव्हिएत युनियनने या करारावर सही केली होती. 1979 च्या एप्रिलमध्ये स्वेर्दलोव्हस्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत सुटला आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारी किमान 66 माणसे दगावली. सरकारने सांगितले, खराब मांस खाल्ल्यामुळे. खरे कारण रशियाच्या अध्यक्षांनी 1992 मध्ये मान्य केले. तेरा वर्षे! दुसरे उदाहरण अमेरिकेचे. डगवे येथील लष्करी केंद्र अनेक वर्षे मेलेले अँथ्रॅक्स म्हणून जे नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवत होते, त्यांतले काही जिवंत निघाले. हे 2015 मध्ये उघड झाले, तेही बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेमुळे. आतल्या लोकांची नियत वाईट नव्हती. जंतू मारण्याची आपली पद्धत पक्की आहे असे त्यांना वाटत होते आणि कोणी बाहेरचा तपासायला येत नव्हता, एवढेच.

आपल्याकडे असे काही झाले आहे का? एक प्रकरण आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. आमच्या पुस्तकांत ते नाही. 1974 मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांचा मिळून एक डास-प्रकल्प चालू होता. प्रयोगशाळेत नापीक केलेले नर डास सोडून डासांची पैदास थांबवायची, अशी कल्पना. पैसा अमेरिकेचा. हरियाणातल्या सोनिपतला ‘एडीस इजिप्ती’ जातीचे डास सोडायचे ठरत होते. हा डास पीतज्वर पसरवतो, आणि पीतज्वर भारतात नाही. मग मलेरियाचा डास बाजूला ठेवून याच डासाचा एवढा अभ्यास कशाला, असा प्रश्न विचारला गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतर प्रकल्पाकडेही बोट दाखवले गेले, कारण सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या त्या कामाला काही काळ अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पातून पैसा येत होता. पक्ष्यांबरोबर गोचिडी आणि त्यांच्यातून रोग येतात का, हे त्यांना पाहायचे होते. कर्नाटकात 1957 मध्ये सापडलेला आणि आता आपल्या दोडामार्ग भागातही होणारा माकडताप गोचिडींमुळेच होतो.

संसदेच्या लोकलेखा समितीने हे सगळे तपासले आणि एप्रिल 1975 मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी डास-प्रकल्प बंद पडला. शस्त्र वगैरे काही सिद्ध झाले नाही. उलट अनेक शास्त्रज्ञ म्हणाले, संशयापायी चांगले काम वाया गेले. त्यांचेही खरे असेल. वादविवादात प्रतिपक्षाने हेच उदाहरण माझ्यावर उलटवले, ‘बघा, देखरेखीने नुकसान झाले.’ मला मात्र त्यातून वेगळे दिसते. पाच वर्षे काम चालू असताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पैसा कोणाचा, माहिती कोणाकडे जाणार, हा डास का निवडला, हे पहिल्याच दिवशी विचारून उत्तर लिहून ठेवले असते तर खरे संशोधन वाचले असते आणि खोटे असते तर तेही सापडले असते. सालिम अलींसारख्या माणसावर संशय घेण्याची वेळही आली नसती.

आता आपल्या आजच्या नियमांकडे येतो. हा भाग थोडा रूक्ष आहे, लवकर संपवतो. घातक सूक्ष्मजीव आणि जनुक बदललेले सजीव यांच्याविषयीचे नियम भारताने 5 डिसेंबर 1989 रोजी केले. प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती, तिच्यावर दिल्लीत जैवतंत्रज्ञान विभागाची समिती, तिच्याही वर पर्यावरण मंत्रालयाची समिती. जिल्ह्यातही एक समिती असते आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कागदावर रचना चांगली आहे आणि लष्करी प्रयोगशाळांना तिच्यातून सरसकट वगळलेले नाही. पण गरज वाटल्यास मंत्रालयाने सूट द्यावी, असेही त्याच नियमांत आहे. दुसरीकडे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डीआरडीओचे नाव आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा भंग असेल तरच तिथून माहिती मागता येते. गळती झाली का, चूक झाली का, हे विचारायला गेलो तर दार बंद. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती डीआरडीओच्या खर्चाच्या मागण्या तपासते, महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. म्हणजे रुपये मोजले जातात. जंतूंच्या प्रयोगांविषयी तशी मोजणी लोकांपर्यंत पोचत नाही.

ग्वाल्हेरला माझी आत्या राहते. शिंद्यांचे ग्वाल्हेर, त्यामुळे मराठी घरे तिथे अजून बरीच आहेत, आणि शहराच्या एका भागाचे नावच लष्कर आहे. वर सांगितलेली डीआरडीओची प्रयोगशाळा 1973 पासून याच शहरात आहे, रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचावाचे काम करते. शहर वाढत वाढत तिच्या भिंतीपर्यंत आले. मग भिंतीपासून 200 मीटरच्या आतल्या बांधकामांचे काय करायचे यावर वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. आत्याने हे सांगितले तेव्हा मी विचारले, ‘आत काय असते ते तिथल्या लोकांना माहीत आहे का?’ ती म्हणाली, ‘अरे, भिंत किती लांब आहे ते माहीत आहे. आत काय आहे ते कोण सांगणार?’ मला वाटते तिने माझ्या तीन मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त सांगितले.

भिंत आणि शेजार म्हटले की मला माझे घर आठवते. आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात विट्याजवळ. तिकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर गेली, तसे आमचे आजोबा जयपूरला आले. बाबा आता सीतापुऱ्यात दागिन्यांच्या एका कारखान्यात काम करतात. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी तिथल्या पेट्रोलच्या डेपोत स्फोट झाला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आई सांगते, आधी पेट्रोलचा वास आला, मग जमीन हलली आणि खिडकीच्या काचा आत आल्या. ताईला कडेवर घेऊन आई-बाबा जे चालत सुटले ते रात्री उशिरा एका ओळखीच्यांकडे पोचले. 11 माणसे गेली. आग विझवता येण्यासारखी नव्हती, ती 11 दिवस जळून संपली.

त्यानंतर एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. डेपो चालवणाऱ्या कंपनीबाहेरचे लोक तिच्यात होते. पेट्रोल कोणत्या व्हॉल्व्हपाशी सुटले, ते सुमारे सव्वा तास वाहत होते, दुरून बंद करण्याची यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, लिहून ठेवलेली पद्धत पाळली गेली नाही, हे सगळे त्या अहवालात आहे आणि तो अहवाल कोणीही वाचू शकतो. बाबांनी मला तो मोबाइलवर दाखवला. इंग्रजी अवघड होते, अर्धाच कळला. पण आपल्या घराच्या काचा का फुटल्या हे लिहिलेले सापडते, याचे मला फार बरे वाटले. देशातल्या सगळ्या डेपोंसाठी त्यातून नवे नियम निघाले.

आता डेपोच्या जागी भिंतीआड जंतूंची प्रयोगशाळा आहे असे समजा. पेट्रोलला निदान वास येतो.

आम्हाला हे कळायला हवे होते असे माझ्या पिढीला वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. 2020 मध्ये मी चौथीत होतो. वार्षिक परीक्षा झालीच नाही आणि पाचवीचे वर्ष मोबाइलवर गेले. तो विषाणू बाजारातून आला की प्रयोगशाळेतून, यावर जग अजून भांडते आहे, कारण पाहायला हवी होती ती सगळी माहिती बाहेर आलेलीच नाही. प्रयोगशाळेची चूक नसेल, तरी आता ते सिद्ध कसे करणार? नोंदी लपवल्या की निर्दोष माणसालाही निर्दोष ठरता येत नाही.

स्पर्धेनंतर आमचे सुभेदार साहेब मला म्हणाले, ‘बोललास छान. पण शत्रू तुझी प्रयोगशाळा वाचत बसला तर?’ प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. आमची कोत काही सर्वांना उघडी नसते. दाराला दोन कुलपे, बाहेर पहारा. पालकांनाही आत जाता येत नाही. तरीही तपासणी होते, कारण शस्त्र वापरणारा वेगळा, मोजणारा वेगळा, आणि तपासायला येणारा अधिकारी तिसरीकडून येतो. त्यामुळे कोतचे गुपित बाहेर पडते असे कोणी म्हणत नाही. जंतूंच्या बाबतीतही मी एवढेच मागतो आहे. जनुक बदलण्याच्या प्रत्येक लष्करी प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीत डीआरडीओबाहेरचे दोन-तीन शास्त्रज्ञ असावेत. त्यांची हवी तेवढी छाननी करा, गुप्ततेची शपथ द्या. संसदेच्या स्थायी समितीला वर्षातून एकदा, बंद दाराआड का होईना, सांगितले जावे की असे किती प्रयोग झाले, किती चुका झाल्या, कोणाला सूट दिली. आणि शेजारच्या जिल्हाधिकाऱ्याला आणि सरकारी रुग्णालयाला एवढे तरी माहीत असावे की उद्या भोंगा वाजला तर कोणता रोग समजून तयारी करायची. जंतूची कृती नको, सूत्र नको. आत्याला घर कोणत्या दिशेने सोडायचे ते कळले तरी पुष्कळ.

‘लष्करावर अविश्वास दाखवतोस?’ हे मात्र सुभेदार साहेब म्हणाले नाहीत, माझ्याच हाऊसमधला एक मित्र म्हणाला. त्याला मी उलट विचारले, रोज सकाळी आपल्या बुटांची, बेडची, नखांची तपासणी होते, ती अविश्वासाने होते का? तो हसला आणि म्हणाला, ‘तुझ्या मोज्याची तर अविश्वासानेच होते.’ हे आता वर्षभर ऐकावे लागणार.

राहता राहिला एक प्रश्न, हे तपासणार कोण? अहवाल समजायला सैन्यही कळायला हवे आणि जंतूही. आमच्या वर्गात एनडीएसाठी सगळे जीवशास्त्र सोडतात, मीही सोडणार होतो. आता ठरवले आहे की अकरावीला गणिताबरोबर जीवशास्त्र ठेवायचे. पुण्याच्या एएफएमसीचा रस्ताही त्यामुळे उघडा राहील. बाबांना अजून सांगितलेले नाही. हा अंक सीतापुऱ्याला पोचेल तेव्हा कळेलच. आणि चिऊ, तुझा खोखा कोतमध्ये जमा झाला आहे, दुसरे काहीतरी आणतो.